तारखेनंतर येतो

चष्मेवाल्याने गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली, उजव्या डोळ्यापुढे काळी चकती बसवली आणि खोलीतला दिवा मालवला. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता तेवढा उजळला.

"वाचा बघू वरपासून."

समोरचा गृहस्थ लगेच वाचेना. मान जराशी इकडे, जराशी तिकडे करत बसून राहिला, भाड्याचं घर बघायला आलेला माणूस खोली न्याहाळतो तसा. मग सापडल्यासारखं त्याने एकेक अक्षर वाचलं, अगदी तळापर्यंत.

"छान. आता दुसरा डोळा."

"तुमची मुलगी पोहायला जाते ना हो?" गृहस्थाने विचारलं.

चकती चष्मेवाल्याच्या बोटांतून निसटली आणि फरशीवर घरंगळत खुर्चीखाली गेली. ती शोधायला त्याला गुडघ्यांवर बसावं लागलं. खोली एवढीशी, की गृहस्थाचे चकचकीत बूट त्याच्या तोंडासमोरच आले. वरून मऊ, साखरेत घोळलेला आवाज येत राहिला.

"मागच्या गल्लीने एकटीच येते परत. केस ओले असतात. सर्दी व्हायची पोरीला."

"लहान आहे अजून," चष्मेवाला खुर्चीखालूनच म्हणाला. असं का म्हणालो, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

"लहानच असतात. मोठ्यांनी जपायचं."

पुढची तपासणी कशी झाली, ते चष्मेवाल्याच्या हातांनाच ठाऊक. भिंगं बदलली, अक्षरं वाचून घेतली, नंबर काढला. वाचायचा साधा चष्मा. गृहस्थाने जाड काळी फ्रेम पसंत केली आणि आरशात बघून स्वतःशीच हसला.

"कधी देऊ?" चष्मेवाल्याने विचारलं.

"घाई नाही हो. शुक्रवारी तुमची ती कोर्टाची तारीख आहे ना? होऊन जाऊ दे. शहाण्या माणसाने अशा वेळी घरच्यांकडे बघावं. मी तारखेनंतर येतो न्यायला."

आणि तो निघाला. जाताजाता त्याच्या डाव्या कोपराचा धक्का दाराजवळच्या फ्रेमच्या स्टँडला बसला. स्टँड डगमगला आणि फ्रेम खडखडत खाली पडल्या. गृहस्थाने मागे वळून पाहिलं नाही. साधं 'अरेरे'सुद्धा नाही. काही घडलंच नाही अशा थाटात तो पायरी उतरून गेला.

मुलीचा विषय काढला तेव्हा चष्मेवाला घाबरला होता. पण खरी भीती बसली ती आत्ता. लोकांच्या वस्तू उधळायच्या आणि वळूनही बघायचं नाही, असा माणूस कशालाच भीत नसणार. त्याने दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि भर दुपारी, पडलेल्या फ्रेम तशाच ठेवून, स्टुलावर बसून राहिला.

खरं तर त्याचा आणि पाणथळीचा संबंध दुर्बिणीपुरता. गावाच्या कडेला, जुन्या गोदामांच्या मागे ती पसरली होती: गुडघाभर पाणी, लव्हाळे, चिखल आणि चिखलात चोच खुपसून हिंडणारे पक्षी. मास्तर म्हणून एक निवृत्त शिक्षक रविवारी चार जणांना घेऊन तिथे पक्षी दाखवायला जात. त्यांच्या दुर्बिणीचा स्क्रू सारखा ढिला व्हायचा, म्हणून चष्मेवाला एकदा बरोबर गेला, आणि पुढच्या रविवारी स्क्रूचं निमित्त न काढताच गेला. मग एके दिवशी तिथे राडारोड्याचे ट्रक रिकामे होऊ लागले. जागेचा मालक म्हणाला, ही कसली पाणथळ, हा तर पावसाचं पाणी साचणारा खड्डा आहे आणि खड्डा बुजवायचाच असतो. पक्षी बघणाऱ्यांनी कोर्टात याचिका केली. चौघांनी सह्या केल्या: मास्तर, बेकरीवाल्या मावशी, घड्याळजी आणि चष्मेवाला. कोर्टाने भराव टाकायला तात्पुरती मनाई केली आणि मंडळींना आकाश ठेंगणं झालं.

त्याच महिन्यात मास्तर हवापालटाला म्हणून मुलीच्या गावी गेले आणि तिथूनच त्यांनी आपलं नाव काढून घेतलं. कारण विचारायची कोणाची छाती झाली नाही.

"सांगितलं होतं मी," बायको म्हणाली. संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघंच उभे होते आणि बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून तिने नळ सोडून ठेवला होता. "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कोणी बोलावलं होतं तुम्हाला? चष्मे विका म्हटलं तर पक्षी बघायला गेलात."

"हळू बोल."

"काय काय म्हणाला तो? सगळं सांगा."

त्याने सांगितलं. ओल्या केसांचं ऐकलं तशी तिने नळ बंद केला आणि ओट्याची कड घट्ट धरली.

"उद्यापासून पोहणं बंद," ती म्हणाली.

"स्पर्धा आहे तिची."

"मरू दे स्पर्धा."

"तिला काय सांगायचं?"

"सर्दी होईल, असं सांगा."

एवढं बोलून ती रडायला लागली. चष्मेवाल्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण हाताचाच थरकाप तिला कळेल म्हणून लगेच काढून घेतला.

"कोणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

मुलीने मात्र घर डोक्यावर घेतलं. ती रुसली, जेवली नाही, पोहायची पिशवी दाराशी आपटून खोलीत जाऊन बसली. बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला की चष्मेवाला पडदा बोटभर सरकवून बघे. एकदा शेजाऱ्याचा पुतण्या निघाला, एकदा कुरिअरवाला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, हे त्यालाही कळत होतं. पण कळूनही पडद्यापासून हात काही दूर होत नव्हता.

"नाव काढून घ्या," बायको म्हणाली. "मास्तरांनी नाही काढलं?"

त्याने पक्कं ठरवलं ते पलंगावर पडल्यापडल्या. वकीलबाई एकदा म्हणाल्या होत्या, एकाचंही नाव शिल्लक राहिलं तरी याचिका उभी राहते. मावशी होत्या, घड्याळजी होते. मावशी तर वाघीण. ट्रकसमोर पीठ माखलेले हात पसरून उभी राहिलेली बाई. आपलं एक नाव गेल्याने कोणाचं काय बिघडणार होतं? या विचाराने त्याला इतकं हलकं वाटलं, की त्याची त्यालाच लाज वाटली.

वकीलबाईंचं ऑफिस रंगाच्या दुकानावर होतं. जिन्यात टर्पेंटाइनचा वास. मनात वाक्य जुळवत चष्मेवाला वर चढला आणि दारातच थबकला. बाहेरच्या बाकावर बेकरीवाल्या मावशी बसल्या होत्या आणि त्यांच्यापासून हातभर अंतर सोडून घड्याळजी.

"तुम्ही इकडे कुठे?" मावशींनी विचारलं.

"सहज आलो होतो."

"मीपण सहजच," घड्याळजी घाईने म्हणाले.

वकिलाकडे सहज कोणी येत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. चष्मेवाला दोघांच्या मधल्या जागेत बसला. आतून वकीलबाईंचा फोनवरचा आवाज येत होता. कोणीच काही बोलेना. पाणथळीवर त्यांचा एक नियम होता: पक्षी जवळ असताना जो आधी तोंड उघडेल, त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. त्यामुळे गप्प बसायची तिघांना चांगलीच सवय होती. घड्याळजी टोपी काढत होते, घालत होते. मावशी पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या, सोडत होत्या.

शेवटी मावशींचंच अवसान गळालं.

"माझ्याकडे एकाने केक सांगितलाय," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या. "वर नाव घालायचं म्हणाला. माझ्या नातवाचं. वाढदिवस कोणाचा, विचारलं, तर हसून म्हणतो, अजून ठरलं नाही. तारखेनंतर येतो न्यायला."

चष्मेवाला बाकावर पुढे सरकला.

"मऊ आवाज?" घड्याळजींनी विचारलं. "चकचकीत बूट?"

"तुमच्याकडेही?"

"हातातलं घड्याळ काढून दिलं दुरुस्तीला. चांगलं चालू होतं. म्हटलं, याला काय झालंय? तर म्हणाला, ठोके चुकतील असं वाटतंय, लक्ष ठेवा. आणि माझ्या छातीकडे बघितलं हो. ऑपरेशन झालंय माझं, त्याला कसं कळलं?" घड्याळजींच्या हातातली टोपी आता नुसतीच फिरत होती. "घरी बोललो नाही मी."

"आणि उन्मत्त तरी किती!" मावशी म्हणाल्या. "जाताना बिस्किटांचा अख्खा ट्रे उधळला माझा. बघितलं का वळून? नाव नको."

"माझं काउंटरवरचं गजराचं घड्याळ पाडलं. कोपराने. मुद्दाम."

चष्मेवाला उठून उभा राहिला.

"कोणत्या कोपराने?"

"म्हणजे?"

"डाव्या की उजव्या? मावशी, आठवून सांगा. ट्रे कुठल्या बाजूला होता?"

मावशींनी त्याच्याकडे, याच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय, अशा नजरेने पाहिलं. मग त्या उठल्या, बाकालाच काउंटर मानून दाराकडे दोन पावलं चालल्या आणि हात हलवून बघितला.

"डावा," त्या म्हणाल्या. "डावाच."

"माझंही डावीकडेच असतं ते घड्याळ," घड्याळजी म्हणाले. "दाराकडे जाणाऱ्याच्या."

चष्मेवाला पुन्हा खाली बसला. उजवा डोळा झाकल्यावर अक्षरं शोधत फिरणारी ती मान. कोपराखाली कोसळलेला स्टँड, ज्याच्याकडे त्याने वळून पाहिलं नाही. पाहील कसा? त्याच्या लेखी तिथे स्टँडच नव्हता. इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यांत डोकावून पोट भरणाऱ्या माणसाच्या समोर एक डोळा विझत चाललेला माणूस हातभर अंतरावर बसला होता, आणि भीतीपायी याला त्याचे बूट तेवढे दिसले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"त्याला दिसत नाही," तो म्हणाला. "डावीकडचं. समोरचं दिसतं, म्हणून त्याचं त्याला कळलेलं नाही."

"बरं झालं मग," मावशी म्हणाल्या. जरा वेळाने त्यांनीच विचारलं, "अगदीच जाईल का हो डोळा?"

भीती गेली नव्हती. एका बाजूचं न दिसणारा माणूसही गल्लीच्या तोंडाशी उभा राहू शकतो, हे तिघांनाही कळत होतं. पण कालपर्यंत ती सगळ्या घरभर पसरलेली होती. आता तिला एका माणसाएवढी उंची आली होती, आणि तो माणूस बिस्किटांच्या ट्रेला धडकत होता.

आतलं दार उघडलं. वकीलबाई चष्मा कपाळावर सरकवून तिघांकडे बघत राहिल्या.

"तिघंही एकदम? काय काढलंत?"

घड्याळजींनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी चष्मेवाल्याकडे. दुसरे दोघं आहेतच की, या भरवशावर प्रत्येक जण जिना चढून आला होता, हे त्या घटकेला तिघांनाही लख्ख समजलं. तिघांचेही कान लाल झाले.

"तारीख शुक्रवारीच ना," मावशी म्हणाल्या, "एवढंच विचारायचं होतं."

"फोन करायचात." वकीलबाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. मास्तरांचा कागद त्यांच्याच टेबलावर आला होता. सहज आलेली माणसं त्यांनाही ओळखता येत होती. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. "आलाच आहात तर चहा सांगते."

"चहा माझ्याकडून," मावशी म्हणाल्या. "आधी मीच बोलले."

शुक्रवारी तिघं कोर्टात एकाच बाकावर, खांद्याला खांदा लावून बसले. घड्याळजींचा गुडघा इतका हलत होता, की अख्खा बाक हलत होता. मालकाचा वकील खड्डा, खड्डा म्हणत राहिला. वकीलबाईंनी पाणवनस्पतींची, पक्ष्यांची, पाण्याच्या वाटांची एकेक गोष्ट ठेवली. गृहस्थ मागच्या बाकावर होता. चष्मेवाल्याने एकदाच मागे पाहिलं, तर तो हसून मान डोलावत होता, लग्नात लांबचा पाहुणा ओळख दाखवतो तशी. शेवटी न्यायाधीशांनी सांगितलं, कोर्टाचा माणूस जागेवर जाऊन पाहणी करेल. तोवर तिथे एक टोपलंही माती पडता कामा नये.

मावशींनी दोघांचे हात दाबले. आनंद झाला, पण ओरडून सांगावा असा नव्हता. आता तारीख होऊन गेली होती.

"चष्मा त्याच्या हातात द्या आणि मोकळे व्हा," दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली. "डोळ्याबिळ्याचं एक अक्षर बोलू नका. होऊ दे आंधळा. आपली पोर सुटेल."

हेच वाक्य तोही मनात दोनदा म्हणून बसला होता.

गृहस्थ दुपारी आला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. चष्मेवाल्याने काळ्या फ्रेमचा चष्मा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला.

"झाली तारीख?" गृहस्थाने विचारलं. "ऐकलं नाहीत ना तुम्ही कोणी. आमच्या साहेबांना वाईट वाटलं."

चष्मा खोक्यात ठेवून खोकं पुढे सरकवायचं, इतकंच काम होतं. त्याने खोकं उचललं आणि परत खाली ठेवलं.

"जरा आत बसता? एक बघायचं राहिलंय."

"काय बघायचंय आता?"

"बसा तर खरं."

खोलीत या वेळी त्याने दिवा चालूच ठेवला. गृहस्थाला समोर बसवलं, स्वतःच्या हाताने त्याचा उजवा डोळा झाकला.

"माझ्या नाकाकडे बघायचं. नजर हलवायची नाही. सांगा, बोटं किती?"

गृहस्थ नाकाकडे बघत राहिला.

"दाखवा की."

चष्मेवाल्याचा रिकामा उजवा हात गृहस्थाच्या डाव्या गालाच्या बाजूला होता, दोन बोटं उभी. त्याने ती हलवली.

"किती आहेत?"

"कुठे?" गृहस्थ म्हणाला.

हात हळूहळू पुढे आला. अगदी नाकासमोर आला तेव्हा गृहस्थ दचकून मागे सरला आणि त्याचं डोकं खुर्चीच्या पाठीवर आपटलं. बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवत गेलं.

"चष्म्याने होईल ना?" गृहस्थाने विचारलं. आवाजातली साखर कुठच्या कुठे गेली होती.

"नाही. डॉक्टरांकडे जा. आजच जा. आत दाब वाढला की नस मरत जाते, दुखतसुद्धा नाही. पक्कं तेच सांगतील. गेलेलं परत येत नाही. उरलेलं वाचवता येतं."

"मी गाडी चालवतो साहेबांची."

"चालवू नका."

गृहस्थाने गुडघ्यांवर हात ठेवले. त्याने एका हाताने दुसरा धरला. असं हात धरून बसणं चष्मेवाल्याच्या चांगल्याच ओळखीचं होतं.

"कोणाला सांगू नका," गृहस्थ म्हणाला.

चष्मेवाल्याने एका चिठ्ठीवर डोळ्यांच्या दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. मुलीबद्दल विचारावं, वचन घ्यावं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण या घटकेला घेतलेलं वचन म्हणजे धमकीच झाली असती, आणि ती त्याला जमण्यातली नव्हती. गृहस्थ उठला. तो दाराशी पोचायच्या आत चष्मेवाल्याने पुढे होऊन फ्रेमचा स्टँड बाजूला ओढून घेतला. गृहस्थाला ते दिसलं नाही.

चष्मा काउंटरवरच राहिला होता. तो घेऊन चष्मेवाला पायरीपर्यंत आला, तेव्हा फोन वाजला.

"गेला का तो?" बायको विचारत होती. "पोर पिशवी घेऊन दारात उभी आहे. रडतेय. काय सांगू?"

गृहस्थ रस्त्याच्या कडेला थांबला होता. त्याने उजवीकडे पाहिलं, मग अख्खी मान वळवून डावीकडे, मग पुन्हा डावीकडे. गाड्या जात होत्या. वाट मोकळी झाली तरी त्याचं पाऊल उचलेना. आजवर तो बेफिकीर चालत आला होता, पण आता आपल्याला डावीकडचं दिसत नाही हे त्याला कळलं होतं.

"जाऊ दे तिला," चष्मेवाला फोनवर म्हणाला. "परत येताना मी जातो आणायला. मागच्या गल्लीनेच येऊ."

त्याने फोन खिशात टाकला, दुकान उघडंच ठेवून तो पायरी उतरला आणि गृहस्थाच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. कोपराला हात लावताच गृहस्थ अंगभर शहारला.

"कोण आहे?" तो म्हणाला. "कोण?"

"मीच," चष्मेवाला म्हणाला. "चला."